चिरूट आणि सवड : एका प्रासंगिक सुखाचा साहित्यातील प्रवास

चिरूट ओढणे हे धूम्रपानाच्या अन्य प्रकारांहून वेगळे ठरते ते प्रथम काळाच्या मापाने. सिगारेट पाच-सात मिनिटांत संपते. विडी त्याहून लवकर संपते, आणि मध्येच विझते. मोठी हवाना सिगार मात्र तासभर आणि कधी त्याहूनही अधिक वेळ पुरते. तिचे बंद टोक नीट कापावे लागते, दुसरे टोक ज्योतीपासून किंचित दूर धरून सगळीकडून सारखे पेटवावे लागते, आणि मग मिनिटाला एखादाच झुरका घ्यावयाचा असतो. घाईने ओढल्यास ती तापते आणि कडवट होते. धूर छातीत घ्यावयाचा नसतो. तो तोंडात घोळवून सोडून द्यावयाचा असतो. राख झटकण्याचीही घाई नसते. शेवटी उरलेला तुकडा चिरडून विझवीत नाहीत. तो आपोआप विझू देतात. ज्याला हे सुख हवे त्याच्यापाशी रिकामा तास असला पाहिजे, ही या सुखाची पहिली अट होय. म्हणूनच युरोप-अमेरिकेत ते जेवणानंतरच्या बैठकीशी, अपत्यजन्माच्या आनंदवार्तेशी, पार पडलेल्या सौद्याशी जोडले गेले. चिरूट प्रसंगाने ओढला जातो. तो ओढण्यासाठी प्रसंग निर्माणही केला जातो.

कथा-कादंबरीकारांनी या गुणाचा पुरेपूर उपयोग करून घेतला आहे. एखाद्या पात्राने चिरूट पेटविला की पुढील तासभर त्याची कोणी वाट पाहत नाही, हे वाचकाला न सांगता कळते. आता हा तास कोणाचा, तो त्या पात्राला कोठून मिळाला, हा प्रश्न भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने विचारण्यासारखा आहे. कारण हीच वळलेली पाने भारताच्या एका किनाऱ्यावर रोजच्या व्यवहाराची वस्तू होती, आणि इतरत्र साहेबी थाटाची.

या दुहेरी जीवनाची खूण शब्दातच सापडते. 'चिरूट' हा शब्द मराठीत इंग्रजी अंमलात रुळला, आणि इंग्रजीच्या द्वारा आलेल्या अनेक शब्दांसारखा तोही परदेशी वाटतो. मूळ मात्र तमिळ आहे. तमिळमध्ये 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी, आणि गुंडाळण्याची क्रियाही त्याच शब्दाने दाखविली जाते. पोर्तुगिजांनी त्याचे 'शारुतो' केले, इंग्रजांनी 'शेरूट' केले. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात या शब्दाची नोंद आहे. तेलुगू 'चुट्टा' हाही वेटोळे घालण्याच्या क्रियेवरूनच आलेला. मराठीतील 'विडी' आणि 'विडा' यांचे मूळ संस्कृत 'वीटिका' या शब्दात आहे, आणि तोही वळलेल्या पानाचा वाचक. म्हणजे आपल्या भाषांनी या वस्तूला नाव देताना धुराकडे पाहिले नाही, चवीकडे पाहिले नाही. हाताने केलेली वळण्याची क्रिया तेवढी टिपली. आजही मराठीत विडी 'वळतात'. 'चिरूट' हा शब्द मात्र समुद्रमार्गे फिरून परत येईपर्यंत त्यातील हात गळून पडला होता. मराठी माणसाला त्यातून गुंडाळी ऐकू येत नाही, साहेब ऐकू येतो. आणखी एक गोष्ट येथे नोंदविण्यासारखी आहे. जेवणानंतरच्या प्रासंगिक सुखाचे स्थान आपल्याकडे रिकामे नव्हतेच. ते विड्याने व्यापलेले होते, आणि त्याबरोबर येणारा सत्कार, निरोप, पैज असा सारा संकेतव्यूहही विड्याच्याच मालकीचा होता. त्यामुळे चिरुटाला मराठी बैठकीत यजमानाच्या ताटातून येण्याचा मान कधी मिळाला नाही. तो पाहुण्याच्या खिशातूनच आला.

तंबाखूच्या या रूपाची युरोपीयांना पहिली ओळख झाली ती क्यूबात. १४९२ च्या नोव्हेंबरमध्ये कोलंबसाने बेटाच्या अंतर्भागात पाठविलेल्या रॉड्रिगो दे हेरेस आणि लुईस दे तोरेस यांनी तेथील लोक पानांच्या पेटत्या गुंडाळ्या तोंडात धरून धूर घेताना पाहिले. आजची हवाना सिगार तीन प्रकारच्या पानांची असते : आतील गाभ्याची पाने, त्यांना आवळून धरणारे बांधणीचे पान, आणि सर्वांवरून गुंडाळलेले नितळ वेष्टनाचे पान. उत्तम वेष्टनासाठी झाडांवर कापडाचे छत घालतात, जेणेकरून उन्हाने पान जाड होऊ नये. पाने कोठारात टांगून हवेवर सुकवितात, मग त्यांच्या थप्प्या रचून ती आंबवितात. ही प्रक्रिया महिनोन् महिने, कधी काही वर्षे चालते. वळणाऱ्यापाशी मात्र फारशी हत्यारे नसतात. एक लाकडी फळी, एक पात्यासारखी चपटी सुरी, थोडा वनस्पतिज डिंक. बाकी सारे बोटांचे काम. गाभ्यात पाने फार दाटली तर धूर खेचला जात नाही, सैल राहिली तर सिगार भराभर जळते. ओढणाऱ्याचा निवांत तास या बोटांच्या अंदाजावर उभा असतो.

आंबविण्याचा एक रासायनिक परिणाम असा की, हवेवर सुकविलेल्या या तंबाखूचा धूर अल्कधर्मी होतो आणि त्यातील निकोटीन तोंडाच्या आतील त्वचेतूनच शोषले जाते. सिगारेटचा धूर त्या मानाने आम्लधर्मी असल्यामुळे तो छातीत ओढावा लागतो. 'तोंडात घोळविण्या'च्या शिष्टाचारामागे हे साधे रसायन आहे. या शिष्टाचारामुळे चिरूट निरुपद्रवी आहे असा समज पसरला. त्याकडे पुढे वळावे लागेल.

एकोणिसाव्या शतकात दिंडिगलच्या परिसरातील पानांपासून तिरुचिरापल्लीस वळलेले चिरूट 'त्रिचनापल्ली' या नावाने लंडनपर्यंत गेले. कॉनन डॉईलच्या 'अ स्टडी इन स्कार्लेट' या १८८७ सालच्या कादंबरीत शेरलॉक होम्स जमिनीवरील राखेवरून खुनी त्रिचनापल्ली चिरूट ओढत होता असे ओळखतो. हा तपशील गमतीचा आहे. तिरुचिरापल्लीच्या हातगाडीवाल्याला ज्या राखेत काही विशेष दिसले नसते, ती लंडनमध्ये आरोपीची ओळख पटविण्याइतकी दुर्मीळ ठरते. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने 'द बिट्रोथ्ड' या कवितेत प्रेयसी की सिगारी असा पेच घातला, तर 'मंडाले'मध्ये ब्रह्मी तरुणीच्या तोंडी चिरूट दिला. पहिल्या कवितेत सिगार हे निवडीचे सुख आहे. दुसऱ्या कवितेत ज्या स्त्रीच्या तोंडी तो आहे तिच्या देशात स्त्रियांनी चिरूट ओढणे नित्याचेच होते, पण गोऱ्या सैनिकाच्या डोळ्यांना ते नवल वाटते. साम्राज्याच्या साहित्यात चिरुटाची अशी स्थाने पुष्कळ आहेत, आणि ती बहुतेक सारखीच आहेत.

त्याहून कितीतरी समृद्ध उदाहरण तेलुगूत सापडते. गुरजाड अप्पाराव यांचे 'कन्याशुल्कम्' हे नाटक १८९२ साली विजयनगरम् येथे रंगभूमीवर आले, १८९७ साली छापले गेले, आणि १९०९ साली आमूलाग्र वाढविलेल्या स्वरूपात पुन्हा प्रसिद्ध झाले. त्यातील गिरीशम् हे पात्र भारतीय रंगभूमीवरील थोर लबाडांपैकी एक. इंग्रजी शब्दांची पेरणी करीत बोलणारा, सुधारणेवर व्याख्याने झोडणारा, विधवाविवाहाचा कैवार घेऊन स्वतःचा स्वार्थ साधू पाहणारा आणि देणेकऱ्यांना चुकविण्यासाठी गाव सोडणारा असा हा गृहस्थ चुट्टा ओढतो, आणि आपल्या वेंकटेशम् नावाच्या कोवळ्या शिष्यालाही ओढावयास शिकवितो. आपल्याला या गुरूपासून चुट्टा ओढण्यावाचून काहीच विद्या मिळाली नाही, अशी तक्रार तो शिष्य करतो. ती तेलुगू भाषिकांच्या बोलण्यात आजही म्हणीसारखी वावरते. गिरीशम् हार मानणारा नव्हे. तो पुराणाचा हवाला देऊन कंद छंदातील एक पद्यच म्हणून दाखवितो. गरुडाने अमृत आणताना सांडलेल्या थेंबापासून तंबाखूचे झाड उगवले आणि धूर न पिणारा पुढील जन्मी रेडा होतो, असा त्याचा आशय. पद्य सर्वस्वी विडंबनाचे. पण कंदाची बांधणी इतकी चोख की, नाटक न वाचलेल्यांच्याही ते तोंडी बसले.

या विनोदाची धार कोठे आहे? विजयनगरम्‌च्या परिसरात चुट्टा ही कोणा एका वर्गाची वस्तू नव्हती. गोदावरीच्या पात्रातील 'लंका' म्हणविणाऱ्या बेटांवर पिकणारी तंबाखू त्या किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचत होती. शेतकरी, गाडीवान, कोळी सारेच चुट्टा ओढीत. गिरीशम्‌चा चुट्टा अस्सल गावठी आहे. परदेशी आहे ती त्याची भाषा. घरच्या वस्तूला तो प्रसंगाचा, विद्येचा, वेदान्ताचा साज चढवितो. जी गोष्ट शेजारचा गाडीवान बैल हाकताना करतो तीच करण्यासाठी गिरीशम्‌ला पुराणाचा आधार लागतो, कारण गाडीवानाला काम आहे आणि गिरीशम्‌ला नाही. त्याच्यापाशी फक्त सवड आहे, आणि तीही उधारीची. चिरुटाने सूचित होणारा 'स्वतःचा तास' हा श्रीमंताच्या बाबतीत संपत्तीचा पुरावा ठरतो. गिरीशम् तोच पुरावा संपत्तीशिवाय सादर करतो. गुरजाडांनी त्याला न्यायासनासमोर न नेता त्याच्याच धुरात उघडा पाडला आहे.

येथे अनुवादकाची कोंडी होते. मराठीत 'सिगार' म्हटले तर गिरीशम् साहेब होतो. 'विडी' म्हटले तर मजूर होतो. 'चिरूट' म्हटले तर अर्धा साहेब होतो, जे त्याला स्वतःला फार आवडले असते, पण नाटककाराला अभिप्रेत नव्हते. 'चुट्टा' हा शब्द तसाच ठेवणे हाच मार्ग उरतो. मात्र त्यामुळे मराठी वाचकाला तो शब्द विशेष वाटू लागतो, आणि मुळात त्या शब्दात काही विशेष नसणे हेच तर नाट्य आहे.

प्रासंगिक सुखाची सर्वांत नेटकी नोंद भारताच्या साहित्यात कोठे असेल तर ती याहून जुनी, आणि हुक्क्याची, आहे. अकबराच्या दरबारातील असद बेग विजापूरच्या वकिलातीवरून परतताना १६०४ च्या सुमारास तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊन आला. त्याच्या फारसी वृत्तान्तात पुढील प्रसंग आहे. बादशहाने कुतूहलाने काही झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली. ज्या द्रव्याचा उल्लेख आपल्या ग्रंथांत नाही ते बादशहाला कसे द्यावे, असा त्याचा मुद्दा. असद बेगाने प्रत्येक रूढी कधीतरी नवीच असते असा प्रतिवाद केला, आणि बादशहाने त्याचे कौतुकही केले. मग उमरावांनी मागणी केली, व्यापाऱ्यांनी माल आणला, वापर पसरला. बादशहाने मात्र ती सवय लावून घेतली नाही. हे शेवटचे वाक्य वृत्तान्तकाराने सहज लिहून टाकले आहे. एकाच नळीतून एक जण प्रसंगापुरते ओढतो आणि बाकीच्यांना ती जडते, यातील भेद कोठे असतो याचा खुलासा तो करीत नाही.

हा भेद तितका पक्का नसतो. सिग्मंड फ्रॉईडने व्हिएन्नात सिगारीविषयीचा आपला ध्यास लपविला नाही. दिवसाला वीसच्या आसपास सिगारी हे त्याचे प्रमाण होते. सिगार ही त्याच्या लेखनाच्या तासांची सोबतीण होती, म्हणजे जिने तास रिकामा करून द्यावयाचा तीच कामाच्या प्रत्येक तासात शिरली होती. १९२३ साली त्याच्या जबड्यात व टाळूत कर्करोग आढळला. त्यानंतर १९३९ साली मृत्यू येईपर्यंत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि सिगार तरीही सुटली नाही.

आता पुन्हा गिरीशम्‌च्या किनाऱ्याकडे वळले की, याच रोगाची दुसरी बाजू दिसते. विजयनगरम्‌च्या उत्तरेस श्रीकाकुलम् जिल्ह्यात अनेक स्त्रिया चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढतात. या रीतीला 'अड्डपोग' म्हणतात. वाऱ्याने विझत नाही, एकच चुट्टा अधिक वेळ पुरतो, अशी त्याची व्यवहारी कारणे सांगितली जातात. दिवसभराच्या कामात हात मोकळे राहतात हेही उघड आहे. या जिल्ह्यातील दहा हजारांहून अधिक ग्रामस्थांची पाहणी करून पिंडबोर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात अड्डपोग ओढणाऱ्यांच्या टाळूवरील विकृतींची तपशीलवार नोंद आहे. टाळूचा कर्करोग एरवी विरळा. येथे तो या रीतीशी जोडलेला आढळला. व्हिएन्नाचा प्राध्यापक आणि श्रीकाकुलमची मासे विकणारी स्त्री यांच्या तोंडात रोगाने एकच जागा निवडली. पहिल्याच्या दुखण्यावर चरित्रग्रंथांतून पानेच्या पाने आहेत. दुसरीच्या वाट्याला तक्त्यातील एक रकाना आला.

धूर छातीत घेत नाही म्हणून धोका नाही, हा समज अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या १९९८ सालच्या प्रबंधाने निकालात काढला. रोज सिगार ओढणाऱ्यांत, धूर आत न घेणाऱ्यांतही, तोंड, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळते. एका मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. वर्षातून दोन-तीनदा ओढणारा आणि रोज ओढणारा यांच्यात फरक आहे हे खरेच, पण तो फरक राखण्याची ताकद सिगारीत नसते. ती ओढणाऱ्याच्या जीवनक्रमात असावी लागते, आणि जीवनक्रम सर्वांच्या हातचा नसतो. श्रीकाकुलमच्या स्त्रीला जेवणानंतरची बैठक नाही. तिचा चुट्टा प्रासंगिक होण्यासाठी तिला आधी प्रसंग मिळावयास हवा.

या सुखाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे वळणाऱ्यांच्या फळीपाशी, साहित्याचा संबंध अधिकच निकट येतो. हवानातील 'एल फिगारो' या कारखान्यात १८६५ साली कामगारांना पुस्तके वाचून दाखविण्याची प्रथा सुरू झाली. वाचकाचे वेतन कामगार आपल्या मजुरीतून देत. उंच आसनावर बसून तो एका सत्रात वर्तमानपत्र व दुसऱ्या सत्रात कादंबरी वाची. कोणती कादंबरी घ्यावयाची ते कामगार मते देऊन ठरवीत. पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, स्पॅनिश सत्तेने या वाचनावर बंदी घातली. यावरून त्याचा परिणाम कळावा. प्रथा मेली नाही. ती स्थलांतरितांबरोबर फ्लोरिडातही गेली. १८७५ सालापासूनची 'रोमिओ ई हुलिएता' आणि १९३५ सालची 'मोंतेक्रिस्तो' ही सिगारींची नावे शेक्सपिअर आणि ड्यूमा यांच्यावरून पडली; दुसरे नाव कारखान्यातील श्रोत्यांच्या आवडत्या कादंबरीवरून आले असे परंपरेने सांगितले जाते. श्रीमंताच्या बैठकीतील सिगारीच्या पेटीवर जे साहित्य नावापुरते दिसते, ते वळणाऱ्याने ती वळताना अध्यायामागून अध्याय ऐकलेले असते. ओढणाऱ्याला तास लागतो तो रिकामा. वळणाऱ्याने आपला कामाने भरलेला तास ऐकण्यासाठी वापरला, आणि त्याची किंमतही स्वतःच मोजली.

भारतात याला जवळचे उदाहरण चिरुटाच्या नव्हे, विडीच्या कारखान्यांत आहे. उत्तर केरळात कण्णूरच्या परिसरात विडी वळणारे कामगार आपल्यातील एकाला वर्तमानपत्र व पुस्तके वाचावयास बसवीत, आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देत. १९६९ साली स्थापन झालेल्या 'केरळ दिनेश बीडी' या सहकारी संस्थेच्या शेडांतही ही प्रथा चालू राहिली. मलयाळम वाचकवर्गाच्या घडणीचा इतिहास लिहिताना ग्रंथालय चळवळीइतकीच या शेडांची दखल घ्यावयास हवी, असे म्हणण्यास आधार आहे. विडी ओढणाऱ्याला रिकामा तास नसतो, पण ती वळणाऱ्यांनी सहकाऱ्याला तो काढून दिला.

फ्लोरिडातील टँपा शहराच्या ईबोर सिटी भागात कारखानदारांनी १९३१ साली हे वाचन बंद पाडले. पुढे वाचकाच्या जागी रेडिओ आला. या बंदीच्या आधीचा, १९२९ चा काळ निलो क्रूस या क्यूबन-अमेरिकन नाटककाराने 'ॲना इन द ट्रॉपिक्स' या नाटकात घेतला आहे. त्याला २००३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. क्यूबाहून आलेला नवा वाचक कारखान्यात टॉलस्टॉयची 'ॲना कॅरेनिना' वाचू लागतो, आणि ऐकणाऱ्यांची लग्ने, संशय, इच्छा त्या कादंबरीच्या वाटेने जाऊ लागतात. शेवटी वाचकाचा खून होतो. पण चिरुटाच्या अभ्यासकाला थांबविणारा प्रसंग त्याआधीचा आहे. कारखान्याने कादंबरीच्या नायिकेचे नाव देऊन नवी सिगार काढावयाची ठरविलेली असते, आणि तिची पहिली सिगार पेटवून घरच्या मंडळींत हातोहात फिरविली जाते. जन्मभर दुसऱ्यांच्या बैठकींसाठी सिगारी वळणारी ही माणसे येथे आपली स्वतःची सिगार ओढतात, तीही एकच, आणि सर्वांत मिळून.

हा प्रसंग मराठीत आणावयाचा तर वस्तूसाठी कोणता शब्द योजावा? 'चिरूट' म्हटले की साहेब आलाच, आणि हातोहात फिरणे बंद झाले. 'सिगार' हा तटस्थ शब्द आहे, पण त्यातही वळणारे हात ऐकू येत नाहीत. हातोहात फिरण्याची आपल्याकडील परिचित वस्तू चिलीम. तिच्याभोवती मात्र निराळीच संगत जमते. तमिळ वा तेलुगू अनुवादकाला ही अडचण भासणार नाही. 'सुरुट्टु' आणि 'चुट्टा' या शब्दांत वळणे आणि ओढणे अजून एकत्र आहेत.